छायाचित्रातली मानमोडी नाशिकची नव्हे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

नाशिक परिसरात हिवाळ्यात उतरणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांवर आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत जो लेख प्रसिद्ध झाला, तो मी आवडीने वाचला. बदके, चक्रवाक आणि क्रौंच यांच्या गर्दीत मानमोडीसारख्या लहानशा, अंग चोरून राहणाऱ्या पक्ष्यालाही चार ओळी मिळाल्या याचे समाधान वाटले. त्या चार ओळींतला मजकूर बरोबरच होता. मात्र मजकुराशेजारी छापलेले छायाचित्र मानमोडीचे असले, तरी आपल्याकडे येणाऱ्या मानमोडीचे नव्हते. ते तांबड्या गळ्याच्या मानमोडीचे होते आणि हा पक्षी सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, आफ्रिका खंडात राहतो. नाशिकचे सोडाच, भारतात कोठेही तो आढळत नाही.

चूक लहान आहे आणि समजण्यासारखीही आहे. मानमोडीच्या जाती साऱ्या जगात दोनच आहेत आणि पाठीकडून पाहिल्यास त्या एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या दिसतात, की घाईत चित्र निवडणाऱ्याची फसगत व्हावी. त्यातून आफ्रिकेतली जात स्वभावाने धीट. ती उघड्या फांदीवर किंवा कुंपणाच्या खांबावर बसून मोठ्याने साद घालते, माणसांच्या बागांमध्ये घरटे करते, आणि त्यामुळे तिची छायाचित्रे स्वच्छ व ठसठशीत मिळतात. आपल्याकडे येणाऱ्या जातीची छायाचित्रे बहुधा अर्धी गवताआड, अर्धी सावलीत अशी असतात. तेव्हा पुरवणीची पाने लावताना त्यातल्या त्यात देखणे चित्र उचलले गेले असणार. तरीही पत्र लिहायला बसले, ते एवढ्यासाठी की तो तांबडा गळा मनात धरून जो वाचक दुर्बीण घेऊन माळावर जाईल, त्याला मानमोडी कधीच सापडणार नाही. ती चार हातांवर बसलेली असली, तरी ‘ही ती नव्हे’ म्हणून तो पुढे जाईल, म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी त्याची गत होईल.

या दोन जाती कोणत्या बाबतीत सारख्या आहेत हे आधी सांगितले पाहिजे, कारण साम्य लक्षात आल्याखेरीज फरकाचे मोल कळत नाही. दोन्ही जाती सुतार पक्ष्यांच्या कुळातल्या आहेत. उत्तरेकडच्या, म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या जातीला लिनियसने १७५८ साली ‘जिंक्स टॉर्क्विला’ हे शास्त्रीय नाव दिले. आफ्रिकेतल्या जातीचे ‘जिंक्स रुफिकोलिस’ असे नामकरण वाग्लर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८३० साली केले. सुतारांच्या कुळवृक्षात मानमोडीची फांदी फार आधी वेगळी फुटली आहे. मोठे सुतार आणि चिमणीएवढे छोटे सुतार हे सगळे एका बाजूला, आणि या दोघी दुसऱ्या बाजूला, अशी त्यांची मांडणी केली जाते. त्यामुळे कूळ सुताराचे आणि वागणे मात्र सुताराचे नव्हे, असा प्रकार दोघींच्या बाबतीत दिसतो.

आपल्या माळांवरच्या बाभळींत दिसणारा मराठा सुतार डोळ्यांसमोर आणला, तर मुद्दा लगेच लक्षात येईल. तो खोडाला उभा चिकटून बसतो आणि शेपटीची ताठ पिसे खोडाला टेकवून त्यांचा टेकू घेतो. मानमोडीची शेपटी मऊ असते, टेकू देण्याच्या कामाची नसते. म्हणून दोन्ही जातींच्या मानमोड्या इतर लहान पक्ष्यांप्रमाणे फांदीवर आडव्या बसतात आणि बराचसा वेळ जमिनीवर घालवतात. चोच आखूड, टोकदार, पण लाकूड फोडण्याइतकी दणकट नसते, त्यामुळे त्या स्वतः ढोली कोरत नाहीत. दुसऱ्या सुतारांनी किंवा तांबट पक्ष्याच्या जातभाईंनी कोरून सोडून दिलेल्या ढोलीत, नाहीतर झाडाच्या आपसूक पडलेल्या पोकळीत त्या अंडी घालतात, आणि ढोली रिकामी नसेल तर आत राहणाऱ्याला हुसकावून ती बळकावायलाही कमी करत नाहीत. कुळाची खूण राहिली आहे ती पायात आणि जिभेत. पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे अशी सुताराच्या धाटणीची असतात, आणि जीभ चोचीच्या मानाने अतिशय लांब असते. बहुतेक सुतारांच्या जिभेच्या टोकाशी किडा टोचून ओढण्यासाठी बारीक काटे असतात. मानमोडीची जीभ गुळगुळीत आणि चिकट असते, कारण तिचे सावज लाकडात दडलेले नसून जमिनीतल्या बिळात असते.

हे सावज म्हणजे मुंग्या. दोन्ही जातींचा मुख्य आहार मुंग्या आणि त्यांच्या अळ्या व कोष हाच आहे. अधूनमधून वाळवी, कोळी, लहान किडे यांवरही त्या भागवतात. नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात चापडगावच्या बाजूने पाण्याकडे जाताना वाटेच्या कडेला, मुंग्यांनी वर काढलेल्या बारीक मातीच्या कड्याशी एक मानमोडी खात असलेली मला बरीच जवळून पाहायला मिळाली. ती शेपटी किंचित वर धरून छोट्या उड्या मारत बिळापाशी आली. चोचीने दोन-तीनदा माती उकरली. मुंग्या चवताळून बाहेर पडताच तिने चोच जेमतेम उघडली आणि जीभ आतबाहेर इतक्या झपाट्याने होऊ लागली, की ओळीने निघालेल्या मुंग्या एकामागून एक नाहीशा होताना दिसत होत्या, पण जीभ अशी धड दिसत नव्हती. मध्येच वरून शिकरा गेला, तशी ती जागच्या जागी दबली. वाळलेले गवत, मातीचे ढेकूळ आणि तिची पाठ यांतला फरक दुर्बिणीतूनही सांगता येईना. दोन्ही जातींची पिसे अशीच राखाडी, तपकिरी, काळसर रेघोट्यांची असतात. आपल्याकडच्या रातवा या निशाचर पक्ष्याच्या पिसांची आठवण यावी अशी. आणि दोघींनाही डोक्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत काजळाचे बोट ओढावे तसा एक गडद पट्टा असतो.

मान मोडल्यासारखी फिरवण्याची सवयही दोघींची सामाईक आहे. ढोलीत बसलेल्या मादीला कोणी छेडले, किंवा पायात ओळखीची कडी घालण्यासाठी जाळ्यात धरलेला पक्षी हातात घेतला, तर तो मान लांब करून सावकाश या बाजूने त्या बाजूला पिळतो, डोक्यावरची पिसे उभारतो आणि फुत्कार सोडतो. अंधाऱ्या ढोलीच्या तोंडाशी हा प्रकार पाहणाऱ्या प्राण्याला आत साप आहे असे वाटावे आणि त्याने पाय मागे घ्यावा, एवढाच त्यामागचा हेतू. नर आणि मादी दोन्ही जातींत सारखेच दिसतात, त्यामुळे वर मी मादी म्हटले ते सोयीसाठी. अंडी उबवण्याचे काम दोघेही करतात. प्राचीन ग्रीसमध्ये या पक्ष्याला चाकाला बांधून ते फिरवण्याचा वशीकरणाचा प्रयोग करीत असत. त्या बिचाऱ्या पक्ष्याचा गळा तांबडा नव्हता हे मात्र नक्की, कारण ग्रीकांच्या अंगणात येणारी जात आपल्याकडे येते तीच होती.

आता फरकाकडे वळते. छायाचित्र पाहताना पहिली नजर गळ्यावर टाकावी. आपल्याकडच्या मानमोडीचा गळा आणि छातीचा वरचा भाग फिकट पिवळसर असतो आणि त्यावर बारीक, आडव्या, गडद रेषा असतात. जवळून पाहिल्याशिवाय त्या मोजता येऊ नयेत इतक्या बारीक. खाली पोट पांढुरके आणि त्यावर बाणाच्या टोकासारखे लहान ठिपके. आफ्रिकेतल्या जातीच्या गळ्यापासून छातीपर्यंत विटकरी तांबड्या रंगाचा ठळक डाग असतो, आणि पोटावर ठिपक्यांऐवजी उभ्या बारीक रेघा दिसतात. आपल्या पुरवणीतल्या छायाचित्रात हा तांबडा डाग आणि पोटावरच्या उभ्या रेघा दोन्ही स्वच्छ दिसतात, त्यामुळे प्रकाशामुळे किंवा छपाईच्या शाईमुळे गळा तांबूस दिसला असेल ही शंका राहत नाही. ढोलीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिलांमध्ये हा डाग फिकट आणि लहान असतो, तेवढा अपवाद ध्यानात ठेवावा. शिवाय आफ्रिकेतच या जातीच्या तीन उपजाती आहेत. नायजेरिया-कॅमेरूनकडची एक, इथिओपियाच्या डोंगराळ भागातली एक आणि गॅबॉन, युगांडा, केनियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत विखुरलेली एक, आणि तांबड्या रंगाचा पसारा त्यांच्यात कमीजास्त असतो. इथिओपियातल्या उपजातीत हा तांबूसपणा पोटाकडेही उतरतो.

दुसरी नजर डोळ्यामागच्या पट्ट्यावर टाकावी. आपल्याकडच्या जातीत डोळ्यापासून मागे मानेच्या बाजूने उतरणारा तपकिरी पट्टा चांगला उठून दिसतो आणि डोक्याचा वरचा भाग राखाडी दिसतो. आफ्रिकेतली जात एकंदरीत अधिक तपकिरी असते. आकारातही ती थोडी मोठी, सुमारे १९ सेंटिमीटर लांबीची. आपल्याकडची १६ ते १८ सेंटिमीटरांची. पण हा दोन बोटांचा फरक पट्टी हातात असेल तरच उपयोगाचा, माळावर त्याच्यावर कोणी विसंबू नये. आवाजाचीही तीच गोष्ट. दोघींची साद एकाच स्वराची पुन्हापुन्हा केलेली, नाकातून काढल्यासारखी, लहान ससाण्याच्या हाकेशी मिळती आहे, आणि आपल्याकडे हिवाळ्यात मानमोडी बहुतेक गप्पच असते.

रंगापेक्षाही मोठा फरक आहे तो या दोघींच्या जगण्याच्या रीतीत, आणि माझ्या मते पुरवणीतल्या लेखासाठी तोच महत्त्वाचा होता, कारण लेख पाहुण्या पक्ष्यांवर होता. आफ्रिकेतली जात पाहुणी नाही. ती जिथे वाढते तिथेच बारमाही राहते. फार तर ऋतुमानाप्रमाणे थोडी इकडेतिकडे होते. उत्तरेकडची जात लांब पल्ल्याची प्रवासी आहे. पश्चिम युरोपपासून सैबेरियापार आशियाच्या पूर्व टोकापर्यंत ती उन्हाळ्यात वीण करते, हिमालयातही काश्मीरकडच्या भागात तिची वीण होते, आणि थंडीत ती दक्षिणेला सरकते. युरोपातल्या सुतारांच्या कुळात सहारा ओलांडून हिवाळा काढायला जाणारी ही एकच जात आहे. बाकीचे सुतार थंडीतही आपले झाड सोडत नाहीत. आशियातल्या मानमोड्या भारतीय उपखंडात आणि आग्नेय आशियात उतरतात. रात्रीच्या वेळी उडत प्रवास करणारे हे पाखरू वजनाने ३० ते ५० ग्रॅमच असते.

ही प्रवासाची रीत अंड्यांच्या संख्येतही दिसते. उत्तरेकडच्या जातीची मादी एका वेळी बहुधा ७ ते १० अंडी घालते, तर आफ्रिकेतली साधारण ३ ते ४. उत्तरेत उन्हाळा आखूड पण दिवस लांब, मुंग्यांचे कोष त्या काही आठवड्यांत मुबलक मिळतात, आणि पुढच्या वसंतापर्यंत प्रवासात किती पिले टिकतील याचा भरवसा नाही. तिथे मोठी वीण परवडते आणि लागतेही. विषुववृत्ताच्या आसपास आणि दक्षिणेत वर्षभर एकाच मुलखात राहणाऱ्या पक्ष्याला ती गरज नाही. एकाच वंशातल्या, एकाच प्रकारच्या अन्नावर जगणाऱ्या आणि एकाच प्रकारच्या ढोलीत राहणाऱ्या दोन जातींत एवढे अंतर पडावे, हे मला त्यांच्या गळ्याच्या रंगापेक्षा जास्त नवलाचे वाटते. मी शाळेत जीवशास्त्र शिकवीत असे, त्यामुळे ही आवड माझी वैयक्तिक आहे असे समजून वाचकांनी सांभाळून घ्यावे.

येथे कोणी विचारील की पक्षी वाट चुकतात, मग एखादी तांबड्या गळ्याची मानमोडी वाट चुकून नाशिकला येणार नाही कशावरून? वाट चुकण्यासाठी आधी वाटेला लागावे लागते. दर वर्षी हजारो किलोमीटर जाणाऱ्या जातीचा एखादा पक्षी वादळात भरकटतो आणि नको तिथे पोहोचतो, हे नेहमी घडते. घरच्या मुलखाबाहेर न पडणारी जात अरबी समुद्र ओलांडून गोदावरीच्या खोऱ्यात येण्याची शक्यता विचारातही घेण्यासारखी नाही. गंमत अशी, की ओळखीचा खरा पेच पडू शकतो तो आफ्रिकेत. थंडीत युरोपातून उतरलेल्या मानमोड्या सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात राहतात, आणि इथिओपियात तांबड्या गळ्याची जात घरचीच आहे. तिथल्या निरीक्षकाला गळा पाहिल्याशिवाय नोंद करता येत नाही. नाशिकच्या निरीक्षकाला मानमोडी दिसली, तर ती कोणती हा प्रश्नच पडायला नको.

म्हणूनच चुकीच्या छायाचित्राने होणारे नुकसान मला किरकोळ वाटत नाही. आता कित्येक तरुण मुले मोबाइलवर पक्ष्यांच्या नोंदी करतात आणि त्या नोंदी पुढे अभ्यासाला वापरल्या जातात. वर्तमानपत्रात पाहिलेले चित्र प्रमाण मानून कोणी ‘तांबड्या गळ्याची मानमोडी, गंगापूर धरण’ अशी नोंद टाकली, तर जाणकार ती खोडतील. पण तोच मुलगा पुढच्या वेळी खरी मानमोडी पाहूनही ती नोंदवणार नाही, आणि न झालेली नोंद कोणालाच खोडता किंवा दुरुस्त करता येत नाही. मानमोडी आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्यांपैकी नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मार्च-एप्रिलपर्यंतच्या काळात ती एकेकटी, गाजावाजा न करता राहते, थव्याने येत नाही, आणि तिची प्रत्येक नोंद म्हणून मोलाची असते.

ती कोठे शोधावी, हेही पुरवणीतल्या चार ओळींत आले असते तर बरे झाले असते. नाशिककरांच्या डोक्यात हिवाळी पक्षी म्हणजे पाणपक्षी हे समीकरण पक्के बसले आहे. जानेवारी २०२० मध्ये नांदूर मधमेश्वरचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाल्याचे जाहीर झाले, महाराष्ट्रातले ते पहिले रामसर स्थळ ठरले, आणि तेव्हापासून तर निरीक्षण मनोऱ्यावरून प्रत्येकाची दुर्बीण पाण्याकडेच वळलेली असते. मानमोडी पाण्यात नाही. ती मनोऱ्याच्या मागे, बाभळींच्या आणि बोरीच्या विरळ रानात, शेताच्या बांधावर, गुरांच्या पायवाटेच्या कडेला असते. गंगापूर धरणाच्या फुगवट्यालगतचे माळ, म्हसरूळकडून चामरलेणीच्या पायथ्याला जाणारी झुडपांची जमीन, पांडवलेणीच्या डोंगराचा खालचा उतार, रामशेजच्या भोवतालचे गायरान, असल्या जागा तिच्या पसंतीच्या. या जागांना सरकारी कागदांत आणि आपल्या बोलण्यातही ‘पडीक’ म्हणतात. तिथे मुंग्यांची वसाहत मोठी, गवत आखूड, मधूनमधून माती उघडी, आणि दबून बसायला सावली पुरेशी. मानमोडीच्या दृष्टीने त्यात पडीक काही नाही.

उघड्या मातीचा उल्लेख मी मुद्दाम केला. स्वित्झर्लंडमधल्या व्हॅले प्रांतात फळबागांच्या आणि द्राक्षमळ्यांच्या परिसरात मानमोडीवर बरेच संशोधन झाले आहे, आणि त्यातून असे दिसून आले की मुंग्या भरपूर असणे एवढेच तिला पुरत नाही. मुंग्यांपर्यंत पोहोचण्यासाठी जमिनीवर मोकळ्या मातीचे पट्टे असावे लागतात, दाट गवतात तिला शिकार साधत नाही. दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या द्राक्षपट्ट्यात राहणाऱ्या आपल्या वाचकांना यात रस वाटेल असे मला वाटते. आमच्याकडच्या बागांतही ओळींच्या मधली माती उघडी असते, तेव्हा जागा मानमोडीच्या सोयीची असायला हरकत नव्हती. पण बांधावरच्या मुंग्यांची वारुळे औषध टाकून संपवण्याची आपली रीत आहे, आणि मुंगी संपली की मानमोडीला त्या बागेत थांबण्याचे कारण उरत नाही. मी शेतकऱ्यांना दोष देत नाही. ठिबकच्या नळ्यांपाशी मुंग्यांनी केलेला उच्छाद आणि वेलीवरच्या पिठ्या ढेकणाला त्यांनी दिलेले संरक्षण मी माहेरच्या बागेत पाहिले आहे. पण बांधावरचे, बागेपासून लांबचे वारूळ राहू द्यायला फारसा खर्च येत नाही.

जागतिक पातळीवर दोन्ही जाती आज चिंताजनक स्थितीत नाहीत, हे खरे आहे. परंतु तांबड्या गळ्याच्या जातीचे निर्धास्त असणे आणि आपल्याकडच्या जातीचे निर्धास्त असणे यांत फरक आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या जातीला माणसाने वसवलेल्या बागा आणि लावलेली झाडे उपयोगी पडली. मूळच्या उघड्या गवताळ पठारावर झाडे आली, झाडांबरोबर तांबटांचे जातभाई आले, त्यांच्या जुन्या ढोल्या मानमोडीला आयत्या मिळाल्या, आणि ती शहरांच्या उपनगरांत नांदू लागली. उत्तरेकडच्या जातीला असे घरबसल्या काही मिळालेले नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या दक्षिण भागात सर्रास वीण करणारी ही मानमोडी विसाव्या शतकात तिथून वीण करणारा पक्षी म्हणून जवळजवळ नाहीशी झाली. आता तिथे ती मुख्यतः स्थलांतराच्या वाटेवर दिसते. वीणीचा मुलूख, वाट आणि हिवाळ्याचा मुक्काम या तिन्ही ठिकाणी मुंग्या आणि मोकळी जमीन शिल्लक असेल तरच तिचे वर्ष पुरे होते, आणि नाशिकचा माळ हा त्या तिसऱ्या ठिकाणाचा भाग आहे. उपनगरातल्या बागेत कुंपणावर बसून ओरडणाऱ्या पक्ष्याचे चित्र छापले, की वाचकाची अशी समजूत होते की या पाखराला आपल्या सोसायटीतला गुलमोहर पुरेल. तो पुरणार नाही.

‘एका छायाचित्रासाठी एवढे लांबलचक पत्र कशाला’ असे आपल्या संपादक मंडळातल्या कोणाला वाटेल. पण क्रिकेटच्या बातमीत एका खेळाडूच्या जागी दुसऱ्याचे चित्र छापले गेले असते, तर दुसऱ्या दिवशी दिलगिरीची चौकट निघाली असती आणि ती निघायलाच हवी असे सगळ्यांनी मानले असते. पक्ष्यांना तेवढा हक्क मिळू नये असे काही नाही.

माझी विनंती अशी आहे. एक तर पुढच्या रविवारच्या पुरवणीत दुरुस्तीची छोटी चौकट द्यावी आणि तिच्यासोबत आपल्याकडच्या मानमोडीचे छायाचित्र छापावे. ते थोडे अस्पष्ट असले तरी चालेल, गळ्यावरच्या आडव्या रेषा आणि पाठीवरचा गडद पट्टा दिसला म्हणजे झाले. शक्यतो ते नाशिक जिल्ह्यात काढलेले असावे. जिल्ह्यात चांगले छायाचित्रकार पुष्कळ आहेत आणि मागितल्यास ते आनंदाने चित्र देतील, अशी माझी खात्री आहे. दुसरे असे, की यापुढे पक्ष्याचे किंवा प्राण्याचे छायाचित्र छापताना ते कोठे व कोणत्या महिन्यात काढले, एवढ्या दोन गोष्टी चित्राखाली द्यायची पद्धत पाडावी. परवाच्या चित्राखाली स्थळ दिलेले असते, तर चूक छपाईच्या आधीच कोणाच्या तरी लक्षात आली असती. आणि वाचकांकडून मानमोडीच्या नोंदी मागवायच्या ठरल्यास त्यांना गळ्याचा रंग विचारू नये. ती जमिनीवर होती की फांदीवर, मुंग्यांच्या बिळापाशी होती का, आणि भोवतालची जमीन कशी होती, हे विचारावे. यातून जी माहिती जमेल, ती एप्रिलमध्ये पक्षी परत गेल्यावर एकत्र करून छापता येईल. तसे ठरल्यास म्हसरूळ आणि चामरलेणी भागातल्या माझ्या वहीतल्या नोंदी मी आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
म्हसरूळ, नाशिक